विलायतेचं वाण

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या मराठी बायकांना काही विकत घ्यायचं असलं की त्या आधी भानुमतीला विचारत आणि मग नवऱ्याला. नागपुरी लुगडं लॉर्डगंजात कोणाकडे पाहावं, सराफ्यातला कोणता सोनार मण्यांत लाख जास्त भरतो, फुहाऱ्याच्या चौकात कोणाची हळद खरी आणि कोणाची नुसती पिवळी, हे सगळं तिला तोंडपाठ. अडतीस वर्षांची बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं शिकली ती किराण्याच्या पुड्या सोडून त्यांचे कागद मांडीवर सरळ करता करता. नवरा दिवाकर तोफगाड्यांच्या गन कॅरेज कारखान्यात कारकून होता. तो म्हणायचा, "हिला पाहिलं की दुकानदार गादीवरून उठून उभे होतात, आणि मला साहेबाला पाहून उठावं लागतं. आता घरात बढती कोणाची झाली ते तुम्हीच सांगा."

तिची एक रीत होती. कापडाची उजवी बाजू ती पाहतच नसे. उलटी बाजू पाही, काठाचा धागा नखाने उचलून पाही, मग भाव ऐकून काही न बोलता उठे आणि पायरीकडे तीन पावलं टाकी. तिसऱ्या पावलाला मागून हाक येई, "अरे बाईजी, सुनिए तो!" वीस वर्षांत ती हाक चुकली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी धाकटी जाऊ विनता आर्वीहून लग्न होऊन आली, तेव्हा तिला दुकानात उभं राहायचीसुद्धा लाज वाटायची. भानुमतीने तिला हाताला धरून बाजार शिकवला. ही पोर पिशवी घेऊन मागे मागे यायची आणि पावलोपावली विचारायची, "जाऊबाई, हे कसं हो ओळखायचं?" भानुमतीचा जीव होता तिच्यावर. आपल्याला येतं ते समोरच्याला येत नाही, एवढ्या एका गोष्टीने माया केवढी वाढते!

मग चौतीस सालच्या उन्हाळ्यात विनताच्या नवऱ्याला, अच्युतला, सरकारी स्कॉलरशिप मिळाली. तो मास्तरांना शिकवायच्या कॉलेजात शिकवत असे. आता दोन वर्षं लंडनला जाऊन आणखी काही शिकून यायचं होतं, आणि त्याने बायकोला बरोबर न्यायचं ठरवलं. सासूबाई, नर्मदाबाई, आठ दिवस जेवल्या नाहीत. नवव्या दिवशी दोघांना ग्वारीघाटावर घेऊन गेल्या, हातात नर्मदेचं पाणी दिलं आणि वदवून घेतलं, की तिकडे उपाशी राहू पण अंड्या-मटणाला शिवणार नाही. त्या दिवशी पेढे वाटले भानुमतीनेच. पेढे चांगले होते, तिनेच निवडलेल्या दुकानातले. तिला मात्र संध्याकाळपर्यंत छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं. खवा जड पडला, असं ती म्हणाली.

विलायतेची डाक आठवड्यातून एकदा यायची. सासूबाईंना अक्षर दिसत नसे, म्हणून पत्र वाचायचं काम भानुमतीचं. पहिल्या दोन पत्रांनंतर शेजारची अंजनी यायला लागली, मग तिची नणंद, मग समोरच्या चाळीतल्या सगळ्या. शनिवारी दुपारी ओटीवर आठ-दहा बायका वाती वळत, गहू निवडत बसायच्या आणि मधोमध भानुमती, चष्मा नाकावर ओढून, दुसरीचं वैभव मोठ्याने वाचत.

"'ती. स्व. सासूबाईंचे चरणी विनताचा शिरसाष्टांग नमस्कार. येथील एकेक दुकान म्हणजे आपला अर्धा लॉर्डगंज एका छपराखाली. पाच-पाच मजले. त्यात एक जिना असा आहे, की तो स्वतःच चालतो, आपण नुसते उभे राहायचे. मी पहिल्या दिवशी चप्पल काढून चढले.'"

"चप्पल काहून काढली?" अंजनीने विचारलं.

"देवळाचा जिना समजली असेल," भानुमती म्हणाली.

"वाचा ना जी पुढं!"

"'काचेमागे लाकडाच्या बायका उभ्या असतात, नवे कपडे घालून. एकीला मी कापडाचे दुकान कोठे म्हणून विचारले. ती बोलेना तेव्हा मला वाटले, इंग्रज बाई आहे, गर्विष्ठ असणार.'"

बायका पोट धरून हसल्या. सासूबाई तर डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "माझी विनता म्हणजे अशीच हो, भोळी." भानुमतीही हसली. पण हसता हसता तिच्या मनात आलं, आपण लाकडाच्या बाईला वाट विचारली असती तर हेच लोक म्हणाले असते, की हिला डोळे नाहीत.

ती वाचायची मात्र आपल्या पद्धतीने. रेशमी कापडाचे ढीग, अत्तराच्या बाटल्या, नाताळासाठी दुकानांवर लावलेले दिवे, हे आलं की तिची गाडी मेलसारखी सुटायची. पाऊस, धुकं, थंडीने फुटलेले ओठ हे आलं की ती प्रत्येक स्टेशनवर थांबायची. धुकं तर ती दोनदा वाची. तरी बायकांना धुकंसुद्धा आवडायला लागलं. एक जण म्हणाली, "पाहा बाई, तिथलं धुकंही पिवळं असते."

आणि एके दिवशी अंजनी नवं लुगडं नेसून आली, हिरवं, आखूड पदराचं, काठ कच्चा. भानुमतीने दुरूनच ओळखलं.

"कोणाकडून घेतलं?"

"हे होय? घेतलं असंच, सदर बाजारातून," अंजनी म्हणाली. "दुकानदार म्हणाला, विलायती रंग आहे. म्हटलं, विनता लिहिते ना, तिकडे असाच हिरवा चालून राहिला."

"मला नाही विचारलं?"

"अव्वो, तुम्हाला इथलं माहीत. विलायतेचं तुम्हाला कुठून माहीत असणार?"

अंजनीला बिचारीला काही सुचवायचं नव्हतं. भानुमतीला मात्र ते वाक्य महिनाभर पुरलं. भाकरी थापताना, केस विंचरताना, फुहाऱ्याजवळून जाताना ते तिच्याबरोबर चाले.

तिची सगळी आशा आता संक्रांतीवर होती. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि त्यात लुटायचं वाण, हा भानुमतीचा प्रांत. इतर बायका बोरं-ऊस आणि फार तर पितळी चमचा देत. भानुमतीकडचं वाण वर्षभर बोललं जाई. यंदा तिने दिवाळीतच भेडाघाटला जाऊन एका कारागिराला संगजिऱ्याचे कुंकवाचे करंडे सांगून ठेवले होते. दुधासारखा दगड, झाकणावर कमळ. कोणाला सांगितलं नव्हतं.

पौष लागला आणि टपालवाला एक खोकं घेऊन आला. आत भुसा, भुशात गुंडाळलेले कागद, कागदांत चोवीस लहानसे प्याले. पांढरी शुभ्र चिनी माती, खाली नाजूक पाय, वर कमळाच्या कळीसारखं तोंड, बाहेरून निळ्या फुलांची वेल. बरोबर चिठ्ठी होती: 'येथील लोकांना कुंकू माहीत नाही, तरी पाहा, करंड्यासारखी वस्तू करतात. झाकण तेवढे नाही. दुकानातली मुलगी काहीतरी सांगत होती, मला निम्मे कळले, मी हो हो म्हटले. या वर्षीचे वाण माझ्याकडून द्यावे.'

सासूबाईंनी एक प्याला हातात घेतला, बोटांनी चाचपला, गालाला लावला. "केवढा गार आहे गं! भानुमती, यंदा हेच द्यायचं. तुझं काय ते पुढच्या वर्षी दे."

"माझं काही नव्हतंच," भानुमती म्हणाली.

संगजिऱ्याचे करंडे तिने धान्याच्या कोठीमागे ठेवून दिले.

दोन दिवस तिने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी एक प्याला पदराखाली घेतला आणि टांगा करून सदरला गेली. मनात एकच होतं. छावणीतल्या साहेब लोकांच्या दुकानांत असले प्याले मिळत असणार. ते शोधायचे, एक विकत आणायचा, आणि शनिवारी ओटीवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून म्हणायचं, कोणता विलायतेचा आणि कोणता सदरचा, ओळखा पाहू! लंडनला जायची काही गरज नव्हती, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं.

तिसऱ्याच दुकानात, बोहऱ्याच्या काचकपाटात, तस्से प्याले रांगेने उभे होते. भानुमतीने पदराखालचा काढून समोर ठेवला. "ऐसाच होना. फूल नीला."

दुकानदार म्हातारा होता, हिना लावलेली दाढी. त्याने प्याला उलटा करून बुडावरचा शिक्का पाहिला. भानुमतीला तो त्यामुळे बरा वाटला.

"माल तो असली है बाईसाहब. लेकिन आप लोग... आपके घर में इसका क्या काम?"

"काहून? कुंकू रखने को."

म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला. "कुंकू! अच्छा. रखिए, आपकी चीज़ है. ये वैसे अंडे का प्याला है. साहब लोग सुबह उबला अंडा इसमें खड़ा करते हैं, ऐसे..." त्याने प्याल्यात मूठ उभी धरली आणि दुसऱ्या हाताने चमचा आपटल्यासारखं केलं, "टक् टक्, ऊपर से छिलका उतारा, और खाया."

भानुमतीने काही विकत घेतलं नाही. तीन पावलं टाकून ती पायरी उतरली आणि म्हाताऱ्याने हाक मारली ती तिला ऐकूही आली नाही.

टांग्यात बसल्यावर तिला हसू यायला लागलं. आधी पदरात, मग उघड. टांगेवाल्याने वळून पाहिलं. "क्या हुआ, माताजी?" "कुछ नहीं भैया, चलो." अंड्याचे प्याले! नर्मदेचं पाणी हातात घेऊन शपथ वाहिलेल्या सुनेने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अंड्याचे प्याले पाठवले, एक नाही, चोवीस. पाच मजल्यांची दुकानं, चालते जिने, आणि वस्तूचा उपयोग विचारायची अक्कल नाही! इतक्या महिन्यांत भानुमतीला एवढं हलकं वाटलं नव्हतं. घर येईपर्यंत तिला भूकही लागली.

घरी येऊन ती काही बोलली नाही. सासूबाईंच्या कानात सांगितलं असतं तर त्यांनी प्याले गुपचूप माळ्यावर टाकले असते आणि विनताचं नाव तसंच लखलखीत राहिलं असतं. छे. हे चारचौघींत व्हायला हवं होतं, आणि तिच्या तोंडून नको होतं. तिने राधाबाईचा विचार केला. राधाबाईचा नवरा छावणीत पलटणीला शिधा पुरवायच्या खात्यात हेडक्लार्क. राधाबाई दोनदा मडमेकडे चहाला जाऊन आलेली, आणि ते तिने दोनशे वेळा सांगितलेलं. जिभेला तिच्या लगाम नव्हता. प्याला हातात पडायचा अवकाश, ती बोलणारच.

भानुमती स्वतः जाऊन राधाबाईला बोलावून आली. "नक्की यायचं हं, दीदी. तुमच्याशिवाय शोभा नाही."

राधाबाईने तिच्याकडे जरा संशयाने पाहिलं. "एवढं अगत्य काहून करून राहिली गं?"

"विलायतेचं वाण आहे. तुम्हालाच त्यातलं कळतं."

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी शनिवार होता. डाक आली. या वेळी पाकिटात दोन कागद होते, एक सासूबाईंना, आणि एक लहान, घडीवर 'फक्त जाऊबाईंस'. सासूबाईंचं पत्र तिने ओटीवर वाचून दाखवलं. आपलं स्वयंपाकघरात नेलं, चुलीजवळ.

'जाऊबाई, हे मोठ्याने वाचू नका. हे सकाळी नऊला जातात ते सहाला येतात. या घरात आमच्याशी कोणी बोलत नाही. जिन्यात भेटले तर बाजूला होतात, वाट देतात, त्याला येथे सभ्यपणा म्हणतात. माझे नाव तोंडाने घेणारे ह्यांच्याशिवाय कोणी नाही, आणि हेही दमून येतात. म्हणून मी दुकानांत जाते. तेथे मुली गुड मॉर्निंग मॅडम म्हणतात. एवढ्यासाठी मी रोज जाते, घेत काही नाही. उलटी बाजू पाहते, काठ नखाने उचलते, आणि मनात तुमच्याशी बोलते, की जाऊबाई, हे कच्चे आहे ना? एकदा भाव ऐकून उठले आणि तुमच्यासारखी तीन पावले टाकली. कोणी हाक मारली नाही. मी दारापर्यंत गेले, रस्त्यावर आले, तरी नाही. मग तेथेच उभी राहून रडले. मूर्ख आहे मी. वाण कसे झाले ते सविस्तर लिहा. कोण कोण आले, कोण काय नेसले. मी त्या दिवशी येथे एकटीच कुंकू लावून बसेन.'

भानुमतीने पत्र दोनदा वाचलं. तिला वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी दुसरंच वाटलं. रडायचं ते चुलीपुढे धुराने रडावं, तशी आपण रडतो. ही रडली तीसुद्धा लंडनच्या रस्त्यावर. तिच्या रडण्यालाही पाच मजले होते.

तिने पत्र डब्यात ठेवलं. राधाबाईला नको म्हणून निरोप पाठवायचा असता तर संध्याकाळपर्यंत वेळ होता. तिने पाठवला नाही. तिळगुळाचा पाक मात्र दोनदा बिघडला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजल्यापासून बायका जमल्या. ओटीवर सतरंजी, मधे चौरंग, चौरंगावर चोवीस प्याले, निम्म्यांत हळद आणि निम्म्यांत कुंकू भरलेलं, निळी वेल उन्हात चमकत होती. सासूबाई वैधव्यामुळे पुढे बसत नसत. त्या माजघराच्या दाराआड पाटावर बसून नुसत्या ऐकत होत्या. "आवडले का गं सगळ्यांना?" त्या आतून दर पाच मिनिटांनी विचारत.

"फार सुंदर, काकू! विनताची निवडच न्यारी."

"भानुमतीताई, तुम्हाला नाही बाई असं सुचलं कधी."

भानुमती हसून अत्तर लावत होती, गुलाबपाणी शिंपडत होती आणि दाराकडे पाहत होती.

राधाबाई शेवटी आली, जरीचा शालू नेसून. बसली. भानुमतीने हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, आणि चौरंगावरचा एक प्याला उचलून तिच्या हातात दिला. स्वतःच्या हाताने दिला.

राधाबाईने प्याला डोळ्यांजवळ नेला. "अगंबाई!" आणि एवढ्या मोठ्याने हसली, की कुंकू सांडलं. "अव्वो, हे वाण आहे? अगं, हे अंड्याचे प्याले आहेत! मडमेच्या टेबलावर पाहिले ना मी. यात अंडं उभं करतात आणि चमच्याने खातात!"

अंजनीने हातातला प्याला गरम लागावा तसा सतरंजीवर ठेवला.

"अंड्याचे?"

"मग तर! विलायतेत घरोघर असतात." राधाबाईचा आवाज खाली आला, आणि खाली आलेला तो आवाज आधीच्या हसण्यापेक्षा वाईट होता. "घरोघर. म्हणजे ही दोघं... मी काही म्हणत नाही बाई. पण दुकानात काही तरी ओळखीचं असेल तेच माणूस उचलतं ना?"

"नर्मदेवर शपथ घेतली होती म्हणे," कोणीतरी म्हणालं.

"समुद्र ओलांडला की नर्मदा कुठली आठवते!"

"सगळं खाऊन राहिले असतील. पत्रात कोण लिहितं?"

"तरीच गाल वर आले म्हणून लिहिलं होतं."

गाल वर आल्याचं कोणत्याही पत्रात नव्हतं. वाचणारीला ते माहीत होतं. माजघराच्या दाराआडून पाट सरकल्याचा आवाज आला.

भानुमतीने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. अंजनी, अंजनीची नणंद, चाळीतल्या सगळ्या. शनिवारी शनिवारी 'पुढं वाचा ना जी' म्हणणारी हीच तोंडं. आता त्यांच्यावर एक ओलसर चमक होती. त्या दिवशी टांग्यात आपल्या तोंडावर काय असेल ते तिला आरशात पाहावं तसं दिसलं. भानुमतीला वाटत होतं, ही जळजळ आपली एकटीची आहे, आतल्या आत सांभाळलेली. इथे तर प्रत्येकीच्या पदरात तोच निखारा होता. आणि काय गंमत, तिला त्यांचाच राग आला. ह्यांनी विनतासाठी काय केलं होतं? ह्यांनी तिला कधी काठ उचलून पाहायला शिकवलं? तिच्यावर जळायचा ह्यांना काय अधिकार?

"मी लिहिलं होतं तिला," भानुमती म्हणाली.

"काय?"

"प्याले पाठव म्हणून. मी सदरमध्ये बोहऱ्याच्या काचेत पाहिले, मला वाटलं करंडे. त्यावरच्या निळ्या वेलीचं चित्र काढून पत्रात धाडलं. म्हटलं, हेच आण, असेच आण, पायाचे. ती बिचारी दुकानात चित्र दाखवून घेऊन आली. तिला काय माहीत? त्यांच्या घरात अंडं येत असतं तर तिला कळलं नसतं का, हे कशाचे आहेत ते? कळलं असतं तर पाठवले असते का हळदीकुंकवाला?"

ते मात्र सगळ्यांना पटलं. मग राधाबाईच्या डोळ्यांत नवीन आनंद आला.

"म्हणजे तू? तू, भानुमती? सगळा जबलपूर कोळून प्यालेली?"

आधी राधाबाई हसली, मग अंजनी, मग सगळ्या. तोंडावर हसल्या, मनापासून हसल्या. "सराफ्यातली लाख दिसते, आणि अंड्याचा प्याला दिसत नाही!" "पुढच्या वर्षी कोंबडीच देईल वाणाला!" भानुमती मधे उभी होती, हातात गुलाबदाणी घेऊन, आणि तिने स्वतःही हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

"कोरे आहेत," ती एवढंच म्हणाली. "कोऱ्या वस्तूला काय विटाळ? साहेब चहा पितो म्हणून तुम्ही चहा सोडला का?"

सात जणींनी प्याले नेले. बाकीच्यांनी विसरल्यासारखं केलं. भानुमतीने कोठीमागून संगजिऱ्याचे करंडे काढून त्यांना दिले. त्यावरचं कमळ कोणी पाहिलं नाही. सगळ्या अजून हसण्यातच गुंतल्या होत्या.

सगळ्या गेल्यावर ती माजघरात गेली. सासूबाई अंधुक उजेडात बसल्या होत्या. त्यांनी चाचपून तिचा हात धरला. भानुमतीला वाटलं, आता ह्या काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "विनताला कळलं असेल हो. हुशार आहे ती. पण थोरल्या जावेचा शब्द कसा मोडायचा, म्हणून पाठवले असतील. केवढी मर्यादा त्या पोरीची!"

भानुमती तिथेच खाली बसली. मग तिला एकदाचं हसू आलं, इतकं, की सासूबाई घाबरल्या.

त्या आठवड्यात अंजनीच्या नणंदेने मुलीच्या लग्नाची पातळं घ्यायला बरोबर राधाबाईला नेलं. लॉर्डगंजात जाताना दोघी भानुमतीच्या दारावरून गेल्या. दिवाकर म्हणाला, "आज तू नाही गेली?" ती म्हणाली, "माझे पाय दुखून राहिले." पातळं फसली, हे तिने दोघी परतताना खिडकीतूनच पाहिलं, पण त्याचा व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही.

गुरुवारी दुपारी ती पत्र लिहायला बसली. वरचा अर्धा कागद सासूबाईंचा. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: वाण पोचले, सर्वांस फार आवडले, प्रकृतीस जपावे, शपथ ध्यानात ठेवावी. मग खालचा कागद फाडून वेगळा घेतला. पुड्यांच्या कागदांवरून शिकलेलं तिचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं, आणि ते तिला आजवर कोणाला दाखवायला आवडत नसे.

'चि. सौ. विनतास अ. आ. ते प्याले अंड्याचे होते. घाबरू नको. मी सांभाळून घेतले. कसे ते आल्यावर सांगेन. तुला हे कळायला हवे म्हणून लिहिते. थोरपणा मिरवायला लिहिते असे तुला वाटले तरी खोटे नाही. तू गेल्यापासून मला तुझा फार मत्सर वाटतो. अजून वाटतो. आज सकाळीही वाटला.'

इथे ती थांबली. उंबऱ्यावर ऊन आलं होतं, सासूबाई आत घोरत होत्या. तिने टाक पुन्हा शाईत बुडवला.

'पुढल्या वेळी काही घेताना त्या मुलीला पुरते विचार. निम्मे कळले तर हो म्हणू नको, बाहेर निघून ये. आणि हाक आली नाही तर रडू नको, दुसऱ्या दुकानात जा. राधाबाई शालू नेसली होती, अंजनी तेच कच्चे हिरवे. बाकीचे पुढल्या पत्री. एक मागणे आहे. दुकानांचे सासूबाईंच्या पत्रात लिहीत जाऊ नको. ते मला वेगळ्या कागदावर लिही. दुकानदार गादीवर बसतो का खुर्चीवर, माल कोण उलगडून दाखवते, आवडले नाही तर घडी कोण घालते, सगळे. सावकाश लिही. मी ते कोणाला वाचून दाखवणार नाही.'